मांडणी दिसते, गोडाऊन दिसत नाही

सुपरमार्केटमधली मांडणी पाहून बीबीएच्या मुलांना रिटेल मॅनेजमेंट समजतं, असं एका लेखात वाचलं. मला हे पटत नाही. मांडणी हा शेवटचा टप्पा. आलेला माल बिलाशी ताडून मोजणं, आधी आलेला आधी काढणं, मुदत संपत आलेला परत पाठवणं हे सगळं मागं गोडाऊनमध्ये चालतं, आणि तिथं मुलांना सहसा कुणी नेत नाही.

बेळगावात गणपत गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत खानापूर, चंदगडकडची अख्खी कुटुंबं बस्त्याला येतात. एकाच गादीवर मराठी, कन्नड, कोकणी बोलावं लागतं. कुणापुढं आधी कोणत्या किमतीची साडी उलगडायची, हंगाम सरल्यावर उरलेल्या मालात अडकलेला पैसा कसा मोकळा करायचा, हे बघण्यासारखं आहे. पण कॉलेजची मुलं येतात, फोटो काढतात, फॉर्मवर शिक्का घेतात आणि लगेच निघतात. वाईट वाटतं, कारण त्यातली काही खरंच हुशार असतात. प्राध्यापकांना विनंती आहे, त्यांना ऐन लग्नसराईत आठवडाभर काउंटरवर पाठवा, एखाद्या सकाळी इथल्याच रविवार पेठेत होलसेलवाल्यांकडे न्या. शिकवायची आमची तयारी आहे.