सनस्क्रीनची मुदत किमतीच्या शेजारी छापा

24 एप्रिलला दुपारी आमच्या घरी सनस्क्रीनच्या तीन ट्यूबचा संच आला. एमआरपीने 1,950 रुपये होणारा माल 1,080 रुपयांत मिळतो आहे हे पाहून मीच तो मागवला होता, आणि तो माझ्या वहिनीसाठी होता. वहिनी महापालिकेची आरोग्यसेविका आहे. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत ती गोवंडीच्या वस्त्यांमध्ये घरोघर फिरते, बाळांच्या लसींच्या नोंदी घेते, गरोदर बायकांची चौकशी करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले की रात्री लावायचे मलम कितीही चांगले असले तरी दिवसा सनस्क्रीन लावले नाही तर त्याचा उपयोग होणार नाही. तेव्हापासून आमच्या घरच्या महिन्याच्या यादीत तांदूळ-डाळीबरोबर सनस्क्रीनही असते. ती चैनीची वस्तू आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मे महिन्यात एक दुपार तिच्याबरोबर फिरून पाहावे.

खोके उघडण्यापूर्वी मी मुदतीची तारीख शोधू लागले. खोक्याच्या खालच्या झापेवर, चकचकीत चंदेरी पट्टीवर फिकट काळ्या ठिपक्यांत काहीतरी छापलेले होते, पण ते नुसत्या डोळ्यांना वाचता येईना. शेवटी ट्यूब बाहेर काढली, तिच्या दाबून बंद केलेल्या टोकावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा कुठे उठावातले आकडे सावलीमुळे दिसले. उत्पादन 06/22, ‘युज बिफोर’ 06/25. तिन्ही ट्यूब एकाच बॅचच्या होत्या. म्हणजे तयार झाल्यावर 34 महिन्यांनी, दोन पूर्ण उन्हाळे आणि तिसऱ्याचा निम्मा भाग गोदामात काढून, हा माल आमच्या हाती आला होता. ‘जूनपूर्वी वापरा’ याचा शब्दशः अर्थ घेतला तर शेवटचा दिवस 31 मे ठरतो, आणि हातात उरतात 37 दिवस.

आता हिशेब मांडते, कारण सगळा मुद्दा या हिशेबात आहे. खोक्यावर जो एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळेल हे सांगणारा, आकडा असतो, तो प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या प्रमाणात लेप लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान यांसाठी हे प्रमाण ढोबळमानाने एक ग्रॅमच्या आसपास जाते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा काढायला डॉक्टर सांगतात, त्या याच कारणाने. वहिनी घरातून निघताना एकदा आणि दुपारी घाम पुसून दुसऱ्यांदा लावते. म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम, आणि 50 ग्रॅमची एक ट्यूब 25 दिवस. तीन ट्यूब संपायला 75 दिवस हवेत आणि मुदत आहे 37 दिवसांची. डॉक्टरांनी सांगितले तसे प्रामाणिकपणे वापरले तरी दीड ट्यूब वापरून होईल आणि दीड ट्यूब टाकून द्यावी लागेल. 1,080 रुपयांत दीड ट्यूब, म्हणजे एका ट्यूबची किंमत पडली 720 रुपये, आणि तिची छापील किंमत आहे 650. सवलत म्हणून दाखवलेली रक्कम मुदतीने कधीच खाऊन टाकली होती.

एकच ट्यूब घेतली असती तर ती 25 दिवसांत संपली असती आणि कोणाचेच नुकसान झाले नसते, हेही मी इथे स्पष्ट लिहिते. मुदत संपत आलेला माल विकणे हा गुन्हा नाही. औषधांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापारात त्याला ‘शॉर्ट एक्सपायरी’ म्हणतात, आणि तो कमी भावात निघणे स्वाभाविक आहे. महिनाभरात ट्यूब संपवणाऱ्या माणसाने ती स्वस्तात घेतली तर चांगला माल कचऱ्यात जाण्याचे टळते आणि त्याचे दोन पैसे वाचतात. माझा आक्षेप विकण्याला नाही. सवलत का दिली आहे हे न सांगता विकण्याला आहे, आणि त्यातही तीन-तीनचे संच करून, जेणेकरून घेणाऱ्याला ते मुदतीत संपवताच येऊ नयेत, अशा रीतीने विकण्याला आहे.

सनस्क्रीनच्या बाबतीत मी इतकी अडून बसते याचे कारण असे की ही वस्तू निकामी झाली तरी ते लावणाऱ्याला कळत नाही. दूध नासले तर तापवताना फाटते, तेल खवट झाले तर नाकाला कळते. सनस्क्रीनची शक्ती कमी झाली तरी ते पूर्वीसारखेच पांढरे दिसते, पूर्वीसारखाच वास येतो, आणि लावणारी बाई निर्धास्तपणे उन्हात जाते. फरक कळतो तो महिन्याभराने, डाग गडद झाल्यावर, आणि तेव्हाही ती दोष स्वतःच्या त्वचेला देते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे स्वतः सहजी बिघडत नाहीत, पण ती ज्या तेल-पाण्याच्या मिश्रणात समप्रमाणात पसरलेली असतात ते मिश्रण उष्णतेने फुटू शकते. मग खनिजाच्या गुठळ्या होतात आणि गालावर कुठे जाड, कुठे नावापुरता थर बसतो. अ‍ॅव्होबेन्झोनसारखे रासायनिक घटक मुळातच नाजूक असतात आणि त्यांना टिकवण्यासाठी ऑक्टोक्रिलीनसारखे दुसरे घटक घालावे लागतात. या ऑक्टोक्रिलीनपासून काळाच्या ओघात बेन्झोफिनोन हे आरोग्याला घातक ठरू शकणारे रसायन तयार होत जाते, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले आहे. मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्यूबचे विष होत नाही, हे खरे. मात्र ‘खोक्यावर छापलेले संरक्षण मिळेल’ ही उत्पादकाची हमी त्या दिवशी संपते, आणि वांगावर उपचार चालू असलेल्या बाईसाठी ट्यूबमधली खरी वस्तू ती हमीच असते.

शिवाय ही हमी योग्य ठिकाणी साठवलेल्या मालासाठी असते. ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ असे खोक्यावर छापलेले असते. आणि मुंबईच्या आसपासची पत्र्याच्या छपरांची गोदामे एप्रिल-मे महिन्यांत किती तापतात ते भिवंडीच्या रस्त्याने गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तिथून निघालेले पार्सल टेम्पोत आणि मग डिलिव्हरीच्या मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत दुपारभर उन्हात फिरते. नवा माल हे दोन दिवस सहन करील. ज्याने असे दोन उन्हाळे आधीच काढले आहेत, त्याच्याकडून मुदतीच्या शेवटच्या महिन्यातही पूर्ण ताकदीची अपेक्षा ठेवणे मला अवघड वाटते. सूर्य मात्र सवलत देत नाही: मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तो मुंबईच्या नेमका डोक्यावर येतो आणि भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आमच्या ट्यूबची मुदत संपत होती ती याच मे महिन्यात.

आमच्या गल्लीतल्या केमिस्टकडे मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी सांगितले, “ताई, तीन महिन्यांच्या आत मुदत संपणारा माल मी डिस्ट्रिब्युटरला परत करतो. राहिलाच तर गिऱ्हाइकाला आधी तारीख दाखवतो, मग भाव सांगतो.” त्यांचे दुकान दहा फुटांचे आहे आणि सवलत ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त देत नाहीत. पण तिथे ट्यूब आपल्या हातात येते आणि पैसे देण्यापूर्वी उलटीपालटी करून पाहता येते. ऑनलाइन खरेदीत हातात घेऊन पाहण्याची सोय नाही. म्हणूनच तारीख दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

कायदा याबाबत अगदीच गप्प आहे असे नाही. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडते, आणि त्याच्या वेष्टनावर मुदत, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता असणे बंधनकारक आहे. परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. (जपानमध्ये तीन वर्षांहून अधिक टिकणाऱ्या प्रसाधनांवर मुदत छापण्याची सक्ती नाही, त्यामुळे तिथून आलेल्या ट्यूबवर आयातदाराची चिकटपट्टी नसेल तर ती घेऊच नये, असे माझे मत आहे.) घोळ सुरू होतो तो स्क्रीनवर. वैध मापन शास्त्राच्या (म्हणजे वजन-मापांच्या कायद्याच्या) आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंविषयीच्या नियमांनुसार 1 जानेवारी 2018 पासून ऑनलाइन विक्रीतही एमआरपी, निव्वळ वजन वगैरे तपशील दाखवणे सक्तीचे झाले, पण उत्पादनाचा महिना आणि वर्ष त्यातून वगळले गेले. पुढे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 आले आणि त्यांत विक्रेत्याने वस्तूची मुदत, जिथे लागू असेल तिथे, संकेतस्थळावर दाखवण्यासाठी द्यावी असे म्हटले गेले. मी ज्या पानावरून ट्यूब मागवल्या, तिथे घटकांची यादी, वापरण्याची पद्धत, सहा छायाचित्रे आणि सवलत संपायला उरलेली मिनिटे हे सगळे होते. मुदत कुठेही नव्हती. काही संकेतस्थळे ती देतात, पण पानाच्या तळाशी, दोनदा दाबून उघडणाऱ्या रकान्यात, आणि तीही ‘मुदत अमुक तारखेनंतर संपेल’ अशा मोघम शब्दांत.

अन्नपदार्थांच्या बाबतीत अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की माल ग्राहकाच्या हाती पडताना मुदतीचा किमान 30 टक्के काळ किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. बिस्किटाच्या पुड्याला मिळालेले हे संरक्षण सनस्क्रीनला लागू नाही. 36 महिन्यांच्या मुदतीला 30 टक्क्यांचे माप लावले तर जवळजवळ 11 महिने उरायला हवेत. इतकी मागणी मी करत नाही. माझे मागणे एवढेच आहे की मुदतीचा महिना आणि वर्ष किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरांत दिसावे. सहा महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर तसे स्वच्छ शब्दांत लिहावे. आणि उरलेल्या दिवसांत संपणार नाही एवढ्या नगांचा संच विकूच नये.

तक्रार केल्यावर पहिले उत्तर आले की उत्पादन मुदतीच्या आत असल्यामुळे आणि या प्रकारच्या वस्तू परत घेतल्या जात नसल्यामुळे काही करता येणार नाही. मी 2020 च्या नियमांचा उल्लेख करून पुन्हा लिहिले, पानाचे स्क्रीनशॉट जोडले, तेव्हा संभाषण बंद करण्यात आले. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि बिल, पानाचे चित्र व ट्यूबवरच्या तारखेचे छायाचित्र ही तीन कागदपत्रे मागितली. नवव्या दिवशी दोन ट्यूबचे 720 रुपये परत आले. कोणतेही स्पष्टीकरण आले नाही, आणि त्याच संचाचे ते पान काल रात्रीपर्यंत तसेच, मुदतीशिवाय, चालू होते.

वहिनीने पहिली ट्यूब वापरायला घेतली आहे आणि तिच्या झाकणावर जाड मार्करने ‘31 मे’ असे लिहून ठेवले आहे. उरलेल्या दोन सीलबंद ट्यूब मी कपाटात ठेवल्या आहेत. पैसे परत आले असले तरी, पानावर मुदत दाखवली जात नाही याबद्दलची दुसरी तक्रार मी याच आठवड्यात नोंदवली आहे, आणि तिची चौकशी होईल तेव्हा त्या दाखवाव्या लागतील. तुमच्यापैकी कोणाकडे असा संच आला असेल तर खोके टाकून देऊ नका. बॅच क्रमांक त्याच्यावरही असतो.