औषधागणिक लसीचा प्रतिसाद वेगळा

संधिवात, सोरायसिस यांसारख्या आजारांत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असली की लसीचा परिणाम कमी होतो, असे एका लेखात वाचले आणि ते बरोबर आहे. मात्र त्या लेखाने सगळी औषधे एका पंक्तीत बसवल्यामुळे वाचक विनाकारण धास्तावतील, असे मला वाटते. संधिवातात दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधामुळे लसीच्या परिणामात फारसा फरक पडत नाही. याउलट रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) तयार करणाऱ्या बी पेशींनाच नष्ट करते, त्यामुळे त्याच्या मात्रेनंतर कित्येक महिने प्रतिपिंडे जेमतेम तयार होतात. तरीही टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशींचा प्रतिसाद बऱ्याच रुग्णांत टिकून असतो, म्हणून लस वाया गेली असे म्हणता येत नाही.

संधिवातावरील मेथोट्रेक्सेट या औषधाबद्दल तर उपायही ठाऊक आहे. ब्रिटनमधील २५४ रुग्णांच्या चाचणीत कोविडच्या बूस्टरनंतर हे औषध दोन आठवडे थांबवलेल्यांमध्ये प्रतिपिंडांचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले, आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये फ्लूच्या लसीनंतर, आजार आटोक्यात असल्यास, ते दोन आठवडे थांबवण्याचा सल्ला दिला.

माझ्या आईची मेथोट्रेक्सेटची गोळी रविवारी असते. फ्लूची लस घेतल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिने कॅलेंडरवर गोळी टाळायच्या दोन रविवारांना लाल गोल केले. दुसऱ्या आठवड्यात सकाळी बोटे आखडून बरणीचे झाकण उघडेना, पण गोळी पुन्हा सुरू झाल्यावर ते कमी झाले. मात्र असा खंड कोणीही परस्पर घेऊ नये, विशेषतः स्टिरॉइडच्या बाबतीत, कारण ते अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते.