बोरीबंदर ते गोणीबंदर

गेल्या मंगळवारी मी माझ्याच लेखनाचा चोर ठरलो. ‘शोधनिबंध भक्कम हवा आणि तो तुमच्या स्वतःच्या आवाजात हवा’ असे मार्गदर्शकांनी वर्षभर बजावले होते, म्हणून मुंबई-ठाणे आगगाडीवरची 18 पाने मी रात्री जागून, शब्द न् शब्द स्वतः लिहून काढली. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांवर 23 टक्क्यांचा लाल शिक्का मारला. त्यांतले 12 टक्के मी दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात वाचलेल्या माझ्याच निबंधाशी जुळत होते. ‘पण सर, तो आवाजही माझाच होता,’ असे मी म्हटल्यावर सर शांतपणे म्हणाले, ‘दहाच्या आत आणा.’

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि योगायोगाने सलग 14 शब्दांपर्यंत जुळलेला मजकूर मोजायचा नसतो. पण 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला 14 डब्यांची, सुमारे 400 प्रवाशांची गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढत नेली, ही घटना 14 शब्दांत बसत नाही, आणि ती सांगताना साऱ्या जगाला हेच शब्द वापरावे लागतात, यात माझा काय दोष?

एका सहकाऱ्याने कानात सांगितल्यावरून मी विद्यापीठासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. विशीतला एक मुलगा एका हाताने आधार कार्डे छापत दुसऱ्या हाताने लोकांचे टक्के उतरवत होता. दर टक्क्याला दीडशे रुपये.

“दर तेराव्या शब्दाला एक शब्द बदलायचा, सर. चौदापर्यंत साखळी जाऊच द्यायची नाही.” माझ्या निबंधाचे तेरावे तो इतक्या प्रसन्नपणे घालत होता की मला रागावताही येईना. दहाच मिनिटांत त्याने पडदा माझ्याकडे वळवला. बोरीबंदरचे ‘गोणीबंदर’ झाले होते. आगगाडी ‘अग्निवाहन’ झाली होती. 400 प्रवाशांच्या जागी ‘वीस विसा उतारू’ बसले होते, कारण त्याची आजी तशीच मोजते. इंजिनांची नावे ‘महाशय, सागर आणि बादशहा’ अशी होती.

“अरे बाबा, ती विशेषनामे आहेत!”

“मशीनला ते कुठे कळतं, सर?”

‘21 तोफांची सलामी देण्यात आली’ या माझ्या वाक्याचे मात्र त्याने ‘एकवीस वेळा तोफ कडाडली’ असे केले होते. ते माझ्यापेक्षा बरे जमले होते, याचा मला विशेष संताप आला.

तरीही त्या मुलावर माझा खरा राग नाही. आमच्याच विभागातले एक गृहस्थ इंग्रजी ग्रंथातली प्रकरणेच्या प्रकरणे मराठीत उतरवतात, मूळ लेखकाचे नाव गाळतात आणि 3 टक्क्यांचा स्वच्छ दाखला घेऊन बढतीला जातात, कारण यंत्र शब्दांशी शब्द ताडून पाहते आणि चोरलेला विचार भाषा बदलून आला की त्याला नमस्कार करून पुढे सोडते. मी आठ महिने अभिलेखागारात धूळ खाल्ली, ती कोणत्याही टक्क्यात मोजली गेली नाही. हे मी त्या मुलाला सांगत असताना त्याचे लक्ष शेजारच्या आजोबांकडे होते.

नोव्हेंबर असल्यामुळे आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी आले होते, आणि यंत्र त्यांचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारत होते. ते जिवंत, समोर उभे, शिंकत होते. पण स्वतःशी जुळत नव्हते. मी स्वतःशी नको इतका जुळलो होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

“हात धुऊन या, आजोबा,” असे सांगून मुलगा माझ्याकडे वळला. “फायनल करू ना, सर?”

मी तिन्ही इंजिने परत मागितली. त्याने बराच वेळ हिशेब केला आणि फार तर एकच देता येईल, नाहीतर आकडा दहाच्या वर जाईल, असे सांगितले. घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. मी साहिब ठेवून घेतला, 2,100 रुपये मोजले आणि निबंध पुन्हा पाठवला. सध्या माझी गाडी गोणीबंदरहून साहिब, सागर आणि बादशहाच्या जोरावर ठाण्याकडे निघाली असून तिचे साम्य 9 टक्के आहे.