नव्वद टक्के काम झालेली गाडी विकणे आहे

मराठवाड्यात अर्धवट विहीर विकली जाते. घेणाऱ्याला निदान पाणी लागायची आशा असते. अर्धवट ड्रॅग कारचं, म्हणजे सरळ पट्ट्यावर पाव मैल पळवायच्या शर्यतीच्या गाडीचं, तसं नाही. तिच्यात जेवढं खोल जावं तेवढा खर्चच लागतो.

गाडी म्हणजे बहुतेक वेळा कॉन्टेसा. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ ते २००२ पर्यंत काढली. लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना ताकद, म्हणून पोरांचा जीव तिच्यावर. आणि ‘अर्धवट’ म्हणजे काय, तर मागचे मडगार्ड आतून कापून रुंद टायरसाठी टब (पत्र्याचे खोलगट कप्पे) बसवलेले, एक्सल दोन्हीकडून आखूड केलेला, दोन्ही मागची चाकं एकदमच फिरावीत म्हणून डिफरन्शियल वेल्डिंग मारून लॉक, आत रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तर माणूस वाचवणारा पाइपांचा पिंजरा. इंजिन स्टँडवर, काचा गादीत गुंडाळून माळ्यावर आणि वायरिंग शेतातल्या आखाड्यावरच्या उंदरांच्या ताब्यात.

जाहिरातीत सगळेच ‘९० टक्के काम पूर्ण’ लिहितात. माझं म्हणणं एवढंच, की उरलेले दहा टक्के कोणते तेही लिहा. ते दहा टक्के म्हणजे वायरिंग, ब्रेक लाइन, रेडिएटर आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा), म्हणजे गाडीला गाडी बनवणारं सगळं. झालेल्या नव्वदात बहुधा स्टिकर आणि बॉनेटवरचा स्कूप येतो.

फोन लगेच सुरू होतात. ‘ॲव्हरेज का देती?’ ही गाडी ४०२ मीटर पळून थांबायला बनवलेली आहे हे सांगितलं की पुढचा प्रश्न, ‘मग समृद्धीवर चालंल की!’ समृद्धी ७०१ किलोमीटर आहे हो. एकजण गॅस किट बसवायचं विचारतो, दुसरा बदल्यात देवणी गाय आणि वर थोडे पैसे देतो म्हणतो. (गाय गाभण असेल तर विचार करायला हरकत नाही. ती तरी स्वतःच्या पायांवर येते.) तिसरा रोज रात्री फक्त ‘लास्ट किती?’ एवढंच पाठवतो आणि सांगितलेल्या आकड्यावर अंगठा ठेवून गायब होतो.

किंमत ठरवताना खर्चाची वही बाहेर काढूच नका. वाळूजच्या लेथवाल्याला दिलेली मजुरी परत मिळत नाही. घेणारा तीन ढिगांचे पैसे देतो: आरसी, सुटे विकले जातील असे भाग, आणि चाकांवर ढकलता येणारा सांगाडा. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, दाराचे रबर, दिवे यांचा वेगवेगळा भाव काढून बेरीज करा. बहुतेकदा ती गाडीच्या भावापेक्षा जास्त भरते. पण भाग सुटे विकायचे ठरवलं, तर काचा दोन दिवसांत जातात आणि कापलेला सांगाडा जन्मभर अंगणात राहतो. त्याला गिऱ्हाईक एकच, तराजू घेऊन येणारा. जालन्याच्या सळईच्या भट्ट्या कॉन्टेसा आणि कडबाकुट्टी यांत फरक करत नाहीत.

जाणकार गिऱ्हाईक मात्र वेगळं असतं. ते बोलत नाही, खाली वाकतं. आधी रोलकेज टिचकीनं वाजवतं, मग पाइप कोणता ते विचारतं. माइल्ड स्टीलच्या केजला पावणेदोन इंची, भिंतीला तीन मिलिमीटर जाड पाइप लागतो. गेट-ग्रिलवाल्यानं पाण्याचा जस्ती पाइप वापरला असेल, तर वेल्डिंगमध्ये जस्त जळून जोडाला बारीक छिद्रं पडतात. वर काळा रंग मारला म्हणून ती भरत नाहीत. जाडीबद्दल वाद झाला, तर पाइपला तीन मिलिमीटरचं भोक पाडून मोजू द्या.

मग ते प्रोपेलर शाफ्टकडे वळतं. इंजिन मागं सरकवलं, की जुना शाफ्ट बसत नाही. नवा करताना माप गाडी जॅकवर असताना घेतलं की घोटाळा होतो. गाडी चाकांवर उतरवून, वजन स्प्रिंगवर आल्यावर माप घ्यायचं आणि स्लिप योकला, म्हणजे शाफ्टच्या गिअरबॉक्समध्ये सरकणाऱ्या टोकाला, पाऊण ते एक इंच खेळायला जागा ठेवायची. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या पोटात घुसतो. माप घेतलं नसेल तर ‘घेतलं नाही’ म्हणा.

इंजिन चालू करून दाखवता येत नसेल, तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा. पाना गुपचूप फिरला, की तिथंच निम्मा सौदा होतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल आधीच काढून ठेवा. इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं आणि जुनं रबर फुगवतं.

आता कागद. सगळ्यात शेवटच्या कॉन्टेसाचीही पंधरा वर्षं २०१७ मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवायची. तपासणीला गाडी चालत जायला हवी, आणि ब्रेक त्या दहा टक्क्यांत आहेत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. म्हणून ‘फक्त ट्रॅकसाठी’ असं जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहा.

मालकी बदलायचे टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३०, भरायचे तर चॅसी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. कापाकापीत तो पत्रा गेला असेल किंवा नंबरावर प्रायमरचा थर असेल, तर नुसता करडा ठिपका उमटतो आणि एजंट आपल्याकडे चोर असल्यासारखा बघतो. पत्रा कापण्याआधी नंबर कुठं कोरलाय ते शोधावं, ही अक्कल कटर हातात आल्यावर कुणालाच राहत नाही.

उचलायला छोटा हत्ती मागवू नका. गाडी साडेचार मीटरची, त्याचा हौदा सात फुटांचा. आयशर घ्या आणि जेसीबीवाल्याला केजला साखळी लावू देऊ नका.

विक्री आरटीओला १४ दिवसांत कळवायची असते. पावतीवर तारखेसोबत वेळही टाका आणि नंबर प्लेटचा फोटो ठेवा. नाहीतर ती प्लेट दुसऱ्याच गाडीवर चढते आणि शाफ्ट नसलेल्या कॉन्टेसानं समृद्धीवर १२० ची मर्यादा मोडल्याचं ई-चलन तुमच्या मोबाइलवर येतं. घरचे म्हणतात, ‘बघा, पळाली एकदाची.’