खाली आणताना 120 टक्के वजन? माझ्या पोस्टबद्दल खुलासा

मित्रांनो, बेंच प्रेसला (बाकावर झोपून छातीवरून बार वर ढकलायचा व्यायाम) बार खाली आणताना मॅक्सच्या (एकदाच जास्तीत जास्त उचलता येतं त्या वजनाच्या) 120 टक्के वजन लावा, लगेच मॅक्स वाढतो, असं मी लिहिलेलं ते सगळीकडे फिरतंय, पण ते चुकलंय. 2002 च्या ज्या प्रयोगात मॅक्स वाढला तिथे 105 टक्के होतं, माणसं फक्त आठ, आणि बारला दोन्हीकडे हुक लावलेले, ते जमिनीला टेकले की जादाचं वजन सुटतं आणि वर ढकलायला नेहमीचंच राहतं. हुकचं मी लिहिलंच नव्हतं, खरी मेख तीच. हुकशिवाय केलंत तर बार छातीवर अडकेल, एकटे असाल तर जिवावर बेतेल. खाली सोडताना स्नायू जास्त भार पेलतात हे खरंय, पण नवख्यांनी नकोच. जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.