राजवाड्यापासून चार पावलं

इंदुरात कुणालाही पत्ता विचारा, तो राजवाड्यापासून सुरू करतो. म्हणजे केवल मूल्य, अर्थात संख्येचं शून्यापासूनचं अंतर, शिकवणाऱ्याचं अर्धं काम होळकरांनी करून ठेवलंय: शून्याची जागा ठरलेली आहे. राहिलेल्या अर्ध्या कामात माणूस अर्धा होतो. सहावी-सातवीची आठ पोरं, एक गच्ची आणि खजिना.

गच्चीवर फूटभर रुंदीच्या फरश्या असतील तर सलग वीस फरश्या धराव्यात आणि −१० ते १० हे एकवीस आकडे सांध्यांवर लिहावेत. फरशीच्या पोटात आकडा लिहिला की पोरं पायाखालची फरशीही मोजतात आणि चार पावलांवरचा खजिना तिनावरच शोधू लागतात. खडू पाण्यात बुडवून घ्यावा. कोरडा खडू तळपायांना लागून थेट दिवाणखान्यात उतरतो. पुढचं मग घरच्यांशी.

पहिलं कार्ड: |क्ष| = ४. खजिना राजवाड्यापासून चार पावलांवर. अख्खी टोळी ४ वर आदळते. "भिया, इथं तर काहीच नाही!" नसणारच, पाकीट −४ वर, कुंडीखाली आहे. म्हणून टोळ्या चौघांच्या कराव्यात, दोघं इकडे, दोघं तिकडे. दोन उत्तरं असतात हे तिथं पायांनाच कळतं.

"पण काका, उणे चार पावलं चालायची कशी?" हा प्रश्न येतोच. उत्तर रिक्षात आहे. रिक्षा डावीकडे न्या की उजवीकडे, भाडं द्यावंच लागतं. डावीकडे गेलो म्हणून रिक्षावाला आपल्याला पैसे देत नाही.

माझा खरा राग 'चिन्ह बदला' या मंत्रावर आहे. सरावाला सगळी |−३|, |−७| अशीच गणितं दिली की पोरं हाच नियम धरतात आणि |४| चं बिनधास्त −४ करतात. निम्मी कार्डं धन संख्यांची ठेवावीत. एखादं −|−४| घालावं: आतल्याचं ४ होतं, पण बाहेरचा उणे दारातच उभा, म्हणून उत्तर −४.

जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रासने १८४१ साली या दोन उभ्या रेघा वापरल्या, पण त्याने आमच्या पोरांचं अक्षर पाहिलं नव्हतं. इंग्रजी आकड्यांत |७| लिहिलं की ते एकशे एकाहत्तर वाचलं जातं. रेघा आकड्यापेक्षा उंच आणि लाल शाईने काढाव्यात.

दुसऱ्या फेरीत पहारेकरी येतो. |क्ष − २| = ३ म्हणजे पहारेकरी २ वर, खजिना त्याच्यापासून तीन पावलांवर: ५ किंवा −१. पोरं सवयीने राजवाड्यापासूनच मोजतात, म्हणून एका पोराला खरोखर २ वर उभं करावं. तो हलतो. त्याला स्टूल द्यावं. |क्ष + २| = ३ आलं की स्टूल पुन्हा २ वरच ठेवतात; ते −२ वर हवं, कारण +२ म्हणजे उणे −२. उत्तरं १ आणि −५. इथं पाणी प्यायला दहा मिनिटं सुट्टी द्यावी, पोरांपेक्षा स्वतःला.

शेवटी चोर-कार्ड: |क्ष| = −२. सगळे −२ वर जाऊन कुंड्या उलथतात. "अंतर उणे नसतं, खजिना नाहीच" म्हणणाऱ्याला बक्षीस. बक्षीस शेवेचंच ठेवावं. जिलेबी दिली की पाकाने कार्डं एकमेकांना चिकटतात, आणि सोडवताना नेमका उणेच पुसला जातो.