डॉक्टरची चिठ्ठी असली तरी गांजाचं तेल विमानातून आणता येत नाही

फॅमिली ग्रुपवर फिरणारा एक मेसेज मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादाला सांगू का येताना आणायला?" दादा म्हणजे टोरांटोत राहणारा तिचा मुलगा. काकांचा कॅन्सर हाडांत गेलाय, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मावशीला काय बोलणार? संताप येतो तो हे लिहून पुढे ढकलणाऱ्यांचा.

मेसेज म्हणतो: गांजा औषध म्हणून संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलाय, परदेशी डॉक्टरची चिठ्ठी जगभर चालते, भारतात भांग चालतेच, आणि थोडंसं तेल सापडलं तर कस्टमवाले फार तर काढून घेतात.

चिठ्ठीचंच आधी बघू, कारण माणूस अडकतो तो इथे. कॅनडात 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, पण देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. औषध म्हणून घेत असाल तरी, नुसतं सीबीडी तेल (गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं तेल) असलं तरी, जिथे चाललात तिथे चालत असलं तरी. कमाल शिक्षा 14 वर्षं. म्हणजे मुंबईचं कस्टम दूरच राहिलं, टोरांटोच्या विमानतळावरच दादा गुन्हेगार ठरतो.

मार्क फोगेल हे मॉस्कोत शिकवणारे अमेरिकन शिक्षक. पाठीच्या दुखण्यासाठी त्यांना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गांजा दिला होता. ऑगस्ट 2021 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर त्यांच्या सामानात साधारण 17 ग्रॅम सापडला. शिक्षा झाली 14 वर्षांची. सुटका झाली फेब्रुवारी 2025 मध्ये, तीही दोन सरकारांच्या वाटाघाटींतून. मॉस्कोच्याच विमानतळावर पकडलेल्या अमेरिकन बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनरकडे तर एक ग्रॅमपेक्षाही कमी तेल होतं आणि ॲरिझोनाच्या डॉक्टरांचा कागद होता. तिला 9 वर्षं. तिला सोडवायला अमेरिकेने व्हिक्टर बूटसारखा शस्त्रांचा व्यापारी रशियाला परत दिला. आपल्या दादासाठी कोण कुणाला सोडणार आहे?

भांगेचं अर्धं खरं आहे. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, आणि आयुष परवान्याची 'विजया'च्या (म्हणजे भांगेच्या) पानांची औषधं इथे मिळतात. पण फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि हशीश तेलही त्याच कायद्याने चरसमध्येच धरलंय. ते परवान्याशिवाय बाहेरून आणलं की कलम 23 लागतं.

'थोडंसं' म्हणजे माफ, असंही नाही. चरस 100 ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर 2020 च्या हिरा सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मिश्रण असेल तर वजन अख्ख्या मिश्रणाचं धरायचं.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2020 मध्ये गांजा सर्वांत कडक यादीतून काढला, भारतानेही बाजूने मत दिलं, हे मान्य. पण नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या यादीत तो आजही आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत सरकारी शिक्क्याच्या दाखल्यावर 30 दिवसांपुरतं औषध नेता येतं, तेही मान्य. पण ती सोय त्या देशांपुरती आहे, भारताला लागू नाही.

मावशीला मी मॉर्फिनबद्दल सांगितलं. कॅन्सरच्या वेदनांवर ते भारतात कायदेशीर मिळतं, आणि रुग्णालयांना ते ठेवणं सोपं जावं म्हणून याच एनडीपीएस कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या उपचारांचा, वेगळा विभाग आहे. काकांच्या डॉक्टरांना याबद्दल घरातल्या कुणीच अजून विचारलेलं नव्हतं.